दाराबाहेरचा वकील: मुंबईची ग्रँड ज्युरी आणि खाडीपलीकडचं अंजूर



मोबाइलवर अधूनमधून अमेरिकेची एक बातमी येते. कुणा नेत्यावर, कुणा कंपनीच्या मालकावर, कधी आपल्याच एखाद्या भारतीय वंशाच्या माणसावर ‘ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले’. आपण वाचतो आणि बोट वर सरकवतो. ती तिकडची भानगड, आपला काय संबंध? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. मग कळलं की ही ग्रँड ज्युरी आपल्या मुंबईत होती. १८६५ पर्यंत होती. तिच्यात बसणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, म्हणजे ज्यांचं नाव मुंबई सेंट्रल स्टेशनला द्यावं अशी मागणी आपण ऐकतो, तेच नाना.

तर आजचा भाग या ग्रँड ज्युरीवर. आणि तिच्यासमोर, खरं तर तिच्या दाराबाहेर, आरोपीचा बचाव कसा व्हायचा यावर. गोष्ट मुंबईची असली तरी ती आपण बघणार आहोत अंजूरहून.

अंजूर का, ते सांगतो. भिवंडी तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. आज त्या सगळ्या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत, तुमच्या हातातला फोनसुद्धा कदाचित तिथल्याच कुठल्या तरी गोदामातून आला असेल. इतिहासाच्या पुस्तकात अंजूर येतं ते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. १७३७ ते १७३९ ची चिमाजीअप्पांची वसई मोहीम आठवा, पोर्तुगीजांविरुद्धच्या त्या लढाईत नाईक मंडळी पुढे होती. पण आज मोहीम सांगायची नाहीये. आज अंजूरचा नकाशा महत्त्वाचा आहे. अंजूरहून मुंबईला जायचं तर एक खाडी ओलांडून ठाण्याला यायचं, मग साष्टी बेट पार करायचं, मग शीव-माहीमची दुसरी खाडी ओलांडायची, की मुंबई बेट. दोनशे वर्षांपूर्वी या दुसऱ्या खाडीच्या अलीकडे एक न्याय होता आणि पलीकडे दुसरा. माणूस तोच, गुन्हा तोच, पण खाडीच्या कुठल्या काठावर पकडला गेलात यावर सगळं ठरायचं.

आधी ग्रँड ज्युरी म्हणजे काय ते बघू.

सिनेमात दिसते ती ज्युरी बारा जणांची. खटला ऐकते आणि ‘दोषी’ की ‘निर्दोष’ ते सांगते. ती छोटी ज्युरी. ग्रँड ज्युरीचं काम त्याच्या आधीचं. या माणसावर खटला भरण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ती बघते. इंग्लंडमध्ये ही पद्धत बाराव्या शतकातल्या दुसऱ्या हेन्री राजापर्यंत मागे जाते. गावातले प्रतिष्ठित लोक एकत्र बसायचे, जास्तीत जास्त तेवीस. सरकारी बाजूचे साक्षीदार आत यायचे, सांगायचे, जायचे. निदान बारा जणांना पटलं तर आरोपाच्या कागदावर ‘ट्रू बिल’ असा शेरा पडायचा, म्हणजे आरोप ग्राह्य. नाही पटलं तर कागद परत आणि आरोपी मोकळा.

आणि हे सगळं बंद दाराआड. आत आरोपी नाही. आरोपीचा वकील नाही. आरोपीचे साक्षीदारही नाहीत. ज्युरीतल्या लोकांनी गुप्ततेची शपथ घेतलेली.

पहिल्यांदा ऐकल्यावर हे भयंकर वाटतं. माझ्या बाजूचं ऐकूनच न घेता माझ्यावर आरोप? पण याची दुसरी बाजू आहे. राजाला कुणाला अडकवायचं असेल तर त्याच्या आणि त्या माणसाच्या मध्ये हे तेवीस लोक उभे असायचे. १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाला अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी या आपल्या विरोधकावर राजद्रोहाचा खटला चालवायचा होता. लंडनच्या ग्रँड ज्युरीने कागदच परत केला. खटला उभाच राहिला नाही. म्हणून इंग्रज माणूस ग्रँड ज्युरीकडे ढाल म्हणून बघायचा. ही ढाल तो अमेरिकेत घेऊन गेला, कलकत्त्यात घेऊन गेला आणि मुंबईतही.

ढाल कुणाच्या हातात आहे यावर मात्र बरंच अवलंबून असतं. कलकत्त्यात १७७५ मध्ये महाराजा नंदकुमारांचं काय झालं ते बघा. नंदकुमारांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले. थोड्याच दिवसांत त्यांच्यावरच एका जुन्या कर्जरोख्यात बनावटगिरी केल्याचा खटला आला. ग्रँड ज्युरीतले सगळे कलकत्त्यातले युरोपियन. आरोप ग्राह्य ठरला. जूनमध्ये खटला चालला, तिथली ज्युरीही तशीच. नंदकुमारांना फॅरर नावाचा इंग्रज वकील होता, चांगला झगडणारा. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात अशा गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाने ज्युरीसमोर भाषण करायला मनाई होती! साक्षीदाराची उलटतपासणी घ्या, कायद्याच्या मुद्द्यावर न्यायाधीशाशी वाद घाला, पण ज्युरीकडे तोंड करून ‘माझा अशील निर्दोष आहे, कारण असं असं’ हे बोलायचं नाही. खुद्द इंग्लंडमध्ये ही मनाई १८३६ पर्यंत होती. ५ ऑगस्ट १७७५ ला नंदकुमारांना फाशी झाली. आत ग्रँड ज्युरीसमोर वकील नाही, बाहेर छोट्या ज्युरीसमोर वकील आहे पण त्याच्या तोंडाला अर्धं कुलूप.

आता मुंबईकडे या.

मुंबईत १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट होतं. १८२४ मध्ये त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट आलं. हे आजच्या दिल्लीतलं सुप्रीम कोर्ट नव्हे हं, मुंबई शहरापुरतं, इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालणारं कोर्ट. पहिले मुख्य न्यायाधीश एडवर्ड वेस्ट. सत्र सुरू झालं की न्यायाधीश आधी ग्रँड ज्युरीला उद्देशून भाषण करायचे, मग ज्युरी आत जाऊन कागद तपासायची. या भाषणांतून बाकीचंही बरंच बाहेर यायचं. मुंबईचे पोलीस मॅजिस्ट्रेट कायद्यात नसलेले फटके मारण्याचे हुकूम देतात, यावर वेस्ट यांनी कडक बोट ठेवलं होतं. कंपनी सरकारला ते अजिबात आवडलं नाही. राजाचं कोर्ट एका बाजूला आणि कंपनीचं सरकार दुसऱ्या बाजूला, अशी ही जुंपलेली होती.

आणि अंजूरला? अंजूरला यातलं काहीच नाही.

भिवंडीचा मुलूख १८१७-१८ पर्यंत पेशव्यांचा. पेशवाईत न्याय कसा व्हायचा हे आपण मागे एका भागात बघितलं होतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. वतनाचा, जमिनीचा तंटा असेल तर गोतसभा किंवा पंचायत बसायची. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून जामीन घ्यायचे, दोघांच्या तक्रिरी म्हणजे जबान्या लिहून घ्यायच्या, दोघांना समोरासमोर बसवायचं. वकील नव्हते, पण ‘तुझं काय म्हणणं आहे’ हे विचारल्याशिवाय गाडं पुढे जात नसे. याचं फार कौतुकही नको. चोरी-दरोड्याच्या मामल्यात कमाविसदार काय करेल याचा नेम नसे, आणि जातीपातीचं वजन तर सगळीकडेच होतं.

मग इंग्रज आले आणि ठाणे जिल्हा कंपनीच्या अदालतीखाली गेला. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनची कायद्याची संहिता आली. ठाण्याला जज्ज, त्याच्यावर सदर अदालत. तिथे ना ग्रँड ज्युरी, ना छोटी ज्युरी.

समजा, १८२८ साली अंजूरच्या एखाद्या माणसावर चोरीचा आळ आला. गिरगावात पकडला गेला असता तर त्याचा कागद आधी ग्रँड ज्युरीकडे गेला असता, मग ज्युरीसमोर खटला. तोच गावात पकडला गेला तर कंपनीच्याच नोकरीतला साहेब त्याला खटल्यात ओढणार आणि कंपनीच्याच नोकरीतला साहेब त्याचा निवाडा करणार. मधे कुणी नाही.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. ठाण्यातच राहणाऱ्या एखाद्या गोऱ्या साहेबाने खून केला तर? त्याला ठाण्याच्या अदालतीत उभं करताच यायचं नाही. गंभीर गुन्ह्यासाठी त्याला मुंबईला सुप्रीम कोर्टातच न्यावं लागे. म्हणजे त्याला ग्रँड ज्युरी मिळणार, छोटी ज्युरी मिळणार, तीही त्याच्याच जातभाईंची. फिर्यादी आणि साक्षीदार मात्र गावचे, त्यांनी होडीतून, पायी मुंबई गाठायची आणि परक्या भाषेतल्या कोर्टात उभं राहायचं. किती जण गेले असतील? ही सवलत १८७२ पर्यंत टिकली. त्यानंतरही गोऱ्यांसाठी वेगळे नियम होतेच, १८८३ चं इल्बर्ट बिल आठवा.

तर खाडीपलीकडचा न्याय अलीकडे आणायचा एक मोठा प्रयत्न नेमका १८२८ मध्येच झाला, आणि तो ठाण्याच्या तुरुंगाशी जोडलेला आहे. हा किस्सा मला फार आवडतो.

बापू गणेश नावाचा एक माणूस ठाण्याच्या तुरुंगात होता, कंपनीच्या अदालतीने शिक्षा दिलेला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने ठाण्याच्या जेलरला हुकूम काढला: याला आमच्यासमोर आणा, कशासाठी डांबलंय ते सांगा. हेबियस कॉर्पस. त्याच सुमारास पुण्यातलं दुसरं प्रकरण. मोरो रघुनाथ नावाचा चौदा-एक वर्षांचा मुलगा, त्याला घरातल्याच वडीलधाऱ्याने, पांडुरंग रामचंद्र यांनी कोंडून ठेवलंय अशी तक्रार कोर्टाकडे आली. कोर्टाने पुण्यालाही हुकूम पाठवला.

गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. ते भडकले. पुणं काल-परवापर्यंत पेशव्यांचं, तिथल्या सरदारांच्या घरात राजाच्या कोर्टाचा बेलिफ शिरला तर आपला दरारा काय राहील, हा त्यांचा हिशेब. त्यांनी ऑक्टोबर १८२८ मध्ये न्यायाधीशांना सरळ पत्र लिहिलं की असले हुकूम काढू नका. न्यायाधीशांना असं पत्र! दरम्यान मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्ये वारले होते. ऑक्टोबरमध्ये दुसरे न्यायाधीश चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हा एकटा माणूस मागे हटला नाही. सरकार आपले हुकूम पाळत नाही म्हटल्यावर त्याने एप्रिल १८२९ मध्ये चक्क कोर्टच बंद केलं. अख्ख्या शहराचं कोर्ट, कुलूप!

लंडनमध्ये यावर खल झाला आणि १८२९ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला. माल्कम जिंकले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची सत्ता मुंबईपुरती. बाहेरच्या नेटिव्ह माणसासाठी, कंपनीच्या अदालतीने तुरुंगात टाकलेल्यासाठी, हेबियस कॉर्पस काढायचा अधिकार त्याला नाही. लंडनमधले मंत्री लॉर्ड एलनबरो यांनी तर माल्कमना लिहिलं की दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, त्यांच्या मधे ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमधला रानहत्ती. ते खाजगी पत्र मुंबईत फुटलं आणि मोठा बोभाटा झाला. पत्रं तेव्हाही लीक व्हायची.

बापू गणेशला काय वाटलं असेल? त्याच्या नावाने राजा आणि कंपनी भांडले, लंडनपर्यंत कागद गेले. निकालाचं सार त्याच्या दृष्टीने एवढंच होतं की तो खाडीच्या चुकीच्या बाजूला होता.

मुंबई बेटावर मात्र एक गोष्ट हलत होती. १८२६ च्या ज्युरी कायद्याने हिंदी लोकांना छोट्या ज्युरीत बसायची मुभा दिली, पण अटी अशा: आरोपी ख्रिस्ती असेल तर हिंदू-मुसलमान ज्युरर चालणार नाही, आणि ग्रँड ज्युरीत तर बसायचंच नाही. कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी यावर आवाज उठवला. मुंबईतूनही विरोध झाला. १८३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या अटी काढल्या. हिंदी माणूस जस्टिस ऑफ द पीस होऊ शकेल आणि ग्रँड ज्युरीतही बसू शकेल. त्यानंतर जी पहिली हिंदी मंडळी आत गेली त्यांत नाना शंकरशेटांचं नाव आहे.

विचार करा, त्या खोलीत बसणं म्हणजे काय होतं. कुणावर खटला भरायचा हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आता मराठी समजणारा माणूस होता. साक्षीदार मराठीत काय बोलला आणि दुभाष्याने इंग्रजीत काय सांगितलं, यातला फरक ओळखणारा माणूस. आरोपीचा वकील अजूनही बाहेरच. पण आत कोण बसलंय, हा त्या पद्धतीतला अर्धा बचाव असतो.

ही व्यवस्था तीसेक वर्षं चालली. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आलं. आणि १८६५ च्या तेराव्या कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास तिन्हीकडची ग्रँड ज्युरी बंद केली. नाना शंकरशेट त्याच वर्षी ३१ जुलैला गेले. हा योगायोगच, पण नोंदवावासा वाटतो.

बंद का केली? कारण मॅजिस्ट्रेटच आता पुरावा नोंदवून, तपासून केस वर पाठवत होते. पुन्हा तेवीस व्यापाऱ्यांना दुकान सोडून बोलवायचं कशाला? इंग्लंडनेही पुढे १९३३ मध्ये हाच विचार करून ग्रँड ज्युरी जवळपास संपवली. माझं मत विचाराल तर मुंबईच्या आरोपीचा यात तोटा कमी आणि फायदा जास्त झाला. मॅजिस्ट्रेटपुढची चौकशी उघड्या कोर्टात. आरोपी समोर उभा. त्याचा वकील हजर, सरकारी साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकणारा. आपल्याविरुद्ध काय काय आहे ते खटल्याआधीच कळतं. ग्रँड ज्युरीच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या वकिलाला पहिल्यांदा आत खुर्ची मिळाली.

ती खुर्ची मिळून काय करता येतं आणि काय नाही, हे बघायला आपल्याकडे टिळकांचे खटले आहेत. तुम्हाला ते माहीत आहेत, शाळेत झालेत. पण शाळेत भाषणं शिकवतात, मी तुम्हाला जामिनाचे अर्ज सांगतो.

२२ जून १८९७, पुण्यात रँडवर गोळी. २७ जुलैला टिळकांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, केस हायकोर्टाच्या सेशन्सकडे गेली. तिथे टिळकांकडून जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर. मुद्दा साधा होता: माणूस तुरुंगात असेल तर वकिलाला कागद कधी दाखवणार, बचाव कधी तयार करणार? न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींना तो पटला आणि जामीन मिळाला. त्या मोकळ्या आठवड्यांत बचाव उभा राहिला. बंगालमधून पैसे आले, कलकत्त्याहून पघ नावाचे बॅरिस्टर आले. माफी मागून सुटा असा सल्लाही आला, टिळकांनी तो मानला नाही. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. ज्युरी नऊ जणांची, सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. सहा कोण आणि तीन कोण हे सांगायला नको. दीड वर्षाची सक्तमजुरी.

आता १९०८. पुन्हा राजद्रोह, ‘केसरी’तल्याच लेखांवरून. २४ जूनला सरदारगृहात अटक. जामिनासाठी यावेळी तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना. आणि समोर न्यायमूर्ती म्हणून कोण? तेच दिनशा दावर! अकरा वर्षांपूर्वी याच माणसासाठी, याच मुद्द्यावर त्यांनी जामीन मिळवला होता. जिनांनी अर्ज केला, दावर यांनी नाकारला. कारणंही दिली नाहीत, कारणं सांगणं खटल्याच्या दृष्टीने बरं नव्हे म्हणाले. वकील होता तोवर तोंडात एक कायदा आणि न्यायाधीश झाल्यावर दुसरा, असं म्हणायचा मोह होतो. मी तो थोडा आवरतो, कारण न्यायाधीशाच्या मनातलं आपल्याला दिसत नाही. पण परिणाम दिसतो. टिळकांनी बचावाची तयारी कोठडीत बसून केली.

मग स्पेशल ज्युरीचा वाद. सरकारला हवी होती शहरातल्या बड्या लोकांतून निवडलेली ज्युरी. जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की लेख मराठीत आहेत, मग मराठी न येणारे लोक त्यातला राजद्रोह कसा मोजणार? अर्ज फेटाळला गेला. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्युरी बसली. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. सरकारी भाषांतरकाराला एकेका शब्दावरून पिंजून काढलं, या मराठी शब्दाचं हे इंग्रजी कसं काय झालं म्हणून. मग एकवीस तासांहून जास्त वेळ बोलले. २२ जुलैला रात्री निकाल: सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे प्रत्यक्षात मंडाले. ज्युरीत नऊपैकी किती जणांना ‘केसरी’ मुळातून वाचता आला असता? नाना शंकरशेट त्या खोलीत असण्याचा अर्थ मला इथे येऊन खरा कळला.

तिसऱ्यांदा १९१६. भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. पुन्हा जिना वकील. हायकोर्टाने नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. त्या प्रकरणात ज्युरीच नव्हती.

इकडे ज्युरी १९५९ च्या नानावटी खटल्यापर्यंत आली. आठ विरुद्ध एक, ‘निर्दोष’. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली. ‘रुस्तम’ बघितला असेल तर गोष्ट ओळखीची असेल, सिनेमाने शेवट आपल्या सोयीने घेतलाय. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्याच संहितेने आणखी एक गोष्ट काढली, तिची चर्चा कमी होते: मॅजिस्ट्रेटपुढची ती साक्षी-पुराव्याची चौकशी. फार वेळ खाते म्हणून. आता मॅजिस्ट्रेट कागद बघून केस सेशन्सला पाठवतो. खुर्ची मिळाली होती, ती गेली. बदल्यात आरोपीला सेशन्स कोर्टात ‘हा खटला चालण्यासारखाच नाही, मला मुक्त करा’ असा अर्ज करता येतो.

अमेरिकेत मात्र ग्रँड ज्युरी अजून जिवंत आहे, राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतच लिहिलेली. आपल्या माणसांचाही तिच्याशी जुना संबंध आहे. १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल ग्रँड ज्युरीने गदर चळवळीतल्या लोकांवर आणि त्यांच्या जर्मन साथीदारांवर आरोप ठेवले. पुढच्या वर्षी खटल्याच्या शेवटी भर कोर्टात गदरचे रामचंद्र यांना त्यांच्याच एका सहआरोपीने गोळी घातली.

आजची फेडरल ग्रँड ज्युरी सोळा ते तेवीस जणांची, आरोप ठेवायला बारा मतं लागतात. आकडे तेच, दुसऱ्या हेन्रीच्या वारशातले. आत न्यायाधीश नसतो. सरकारी वकील असतो. समन्स आलेला साक्षीदार असतो. त्याचा वकील दाराबाहेर व्हरांड्यात बसतो. प्रश्न अडचणीचा वाटला तर साक्षीदार ‘वकिलाशी बोलून येतो’ म्हणत बाहेर येऊ शकतो, पुन्हा आत जातो. स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर नाकारायचा हक्क आहे. आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी वकिलाकडे असला, तरी तो ज्युरीला दाखवायची सक्ती नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये विल्यम्स खटल्यात म्हटलंय. त्यामुळे तिथल्या बचाव वकिलाचं बहुतेक काम दाराबाहेरचंच. समन्स फार सैल असेल तर ते रद्द करायचा अर्ज, अशिलाने एकही कागद नष्ट करू नये याची ताकीद, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलायचं की गप्प राहायचं हा सल्ला. तुमचे कुणी नातेवाईक न्यू जर्सीत असतील आणि त्यांना असं पत्र आलं, तर पहिला फोन वकिलाला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हे.

आणि आपल्याकडे, आज? समजा अंजूरच्या एखाद्या गोदामात काम करणाऱ्या पोराला माल गायब झाल्यावरून पोलिसांनी उचललं. आता खाडीच्या अलीकडे-पलीकडे कायदा एकच आहे. राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. बाविसाव्या कलमाने अटकेचं कारण कळायचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने चौकशीच्या वेळीही वकिलाची गरज मानली. ठाण्याच्या तुरुंगातल्या माणसासाठी हेबियस कॉर्पस काढायला मुंबई हायकोर्टाला आज कुणी अडवू शकत नाही.

चौकशीच्या खोलीचं मात्र अजून पूर्ण ठरलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३८ वं कलम सांगतं की अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येईल, पण पूर्ण चौकशीभर नाही. हे वाक्य जुन्या संहितेतून जसंच्या तसं आलंय. आणि २०११ मध्ये एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने चौकशीच्या वेळी वकिलाला हजर राहू दिलं तेव्हा जागाही ठरवून दिली: वकिलाला आपला अशील दिसेल, पण आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर.